वाळवंटातला जमाखर्च

दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हाती देणे सोपे असते. त्या किल्ल्यांचा विचार मनातून काढणे मात्र कठीण. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या एका लहान गावी ३८ वर्षे खिळे, कुलपे, रंग आणि बागेची अवजारे विकणारे एक गृहस्थ ६८ व्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा त्यांना याच अडचणीने घेरले. रोज सकाळी सात वाजता त्यांची पावले दुकानाकडेच वळत. मुलगा काही बोलत नसे. पण गिऱ्हाइके त्याला विचारायचे सोडून वडिलांच्या तोंडाकडे पाहत. अखेर पत्नीनेच निर्णय घेतला. दुकानाच्या हिशोबाच्या वह्या त्यांनी आयुष्यभर लिहिल्या होत्या. शिल्लक कुठे चुकते हे त्यांना आधी कळे. हिवाळ्याचे तीन महिने गाव सोडायचे आणि देशाच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटात जायचे, असे ठरले.

त्यासाठी त्यांनी एक वापरलेले मोटारघर घेतले. अमेरिकेत त्याला आर.व्ही. म्हणतात. २४ फूट लांबीच्या त्या गाडीत पलंग, दोन चुलींची शेगडी, छोटा फ्रीज आणि न्हाणीघर, असा सारा संसार मावतो. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात : एक स्वच्छ पाण्याची, दुसरी सांडपाण्याची आणि तिसरी शौचालयाची. पहिली रिकामी झाली किंवा दुसऱ्या दोन भरल्या की मुक्काम संपला. स्वच्छ पाण्याची टाकी जेमतेम दीडशे लिटरची. भांडी किती पाण्यात निघतात आणि अंघोळ किती मगांत उरकते, याची नोंद पत्नीने पहिल्याच दिवशी एका वहीत सुरू केली. ज्या घरात नळ कधी मोजला गेला नव्हता, तिथे आता पाण्याचेही खाते उघडले.

दुकानातून पतीने एकच वस्तू बरोबर आणली होती. गल्ल्याशेजारी बिलांवर ठेवायचा, मुठीएवढा, लाल-पिवळ्या रेषांचा एक दगड. तो वडिलांनी विकत घेतला होता, अशी पत्नीची समजूत होती.

पहिला लांब मुक्काम ॲरिझोना राज्यातील क्वार्ट्‌झसाइट या गावी पडला. काही हजार वस्तीच्या या गावाभोवतीची सरकारी वाळवंटी जमीन हिवाळ्यात मोटारघरांनी भरून जाते. थंड प्रदेशांतील निवृत्त माणसे पक्ष्यांप्रमाणे इकडे उतरतात. गावच्या दफनभूमीत एका लहानशा पिरॅमिडवर धातूचा उंट उभा आहे. १८५० च्या दशकात अमेरिकन सैन्याने वाळवंटात उंटांचा प्रयोग केला, तेव्हा सीरियाकडून आलेला हाजी अली नावाचा उंटवाला इथेच राहिला आणि १९०२ मध्ये इथेच वारला. स्थानिकांच्या तोंडी त्याच्या नावाचे ‘हाय जॉली’ झाले.

हिवाळ्यात तिथे रत्ने आणि खनिजे यांचा मोठा बाजार भरतो. एका मांडवात पत्नीने रंगीत दगड उचलला आणि म्हणाल्या, “हा अगदी आपल्यासारखाच आहे.” विक्रेत्याने सांगितले, हे दगड झालेले लाकूड, खासगी जमिनीतले, रीतसर पावतीसह. पती गप्प झाले. त्या रात्री, गाडीतला दिवा मालवल्यावर, त्यांनी ५८ वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. दहा वर्षांचे असताना ते आईवडिलांबरोबर ‘पेट्रिफाइड फॉरेस्ट’ या राष्ट्रीय उद्यानात गेले होते. काही उचलू नये, अशी पाटी त्यांनी वाचली होती. तरीही वडिलांची नजर चुकवून तो तुकडा खिशात घातला होता.

पत्नीला राग आला तो चोरीचा नव्हे. पैशापैशाचा हिशोब त्यांनी ज्या बिलांवरून मांडला, ती बिले इतकी वर्षे याच दगडाखाली दबून होती आणि त्यांना ते ठाऊक नव्हते. दोन दिवस बोलणे बेताचेच झाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी नकाशा उघडला आणि पुढचा रस्ता बदलला.

वाटेत टूसॉनजवळ सग्वारो निवडुंगांचे रान लागले. हा निवडुंग पहिल्या आठ-दहा वर्षांत बोटाच्या दोन पेरांएवढाही वाढत नाही. त्याला पहिली फांदी फुटायला बहुधा पन्नास ते पंचाहत्तर वर्षे लागतात, आणि तो दीडशे वर्षांहून अधिक जगतो. पती त्या रानात बराच वेळ फिरले. अठ्ठावन्न वर्षे तिथे फार मोठी वाटत नव्हती.

पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचे वृक्ष आडवे पडले आहेत. नदीच्या गाळाखाली ते गाडले गेले, ज्वालामुखीच्या राखेतली सिलिका पाण्यात विरघळून लाकडात झिरपली आणि कणाकणाने लाकडाच्या जागी स्फटिक बसला. लोहाने त्याला लाल-पिवळा रंग दिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे आल्यावर हे ओंडके गाड्या भरभरून जाऊ लागले. म्हणून १९०६ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या जागेला संरक्षण दिले.

कर्मचाऱ्याने दगड शांतपणे स्वीकारला. असे तुकडे टपालाने नेहमी परत येतात आणि सोबत क्षमा मागणारी पत्रे असतात. त्या दगडामुळे घरात आजार, तोटा किंवा घटस्फोट आला, असे पुष्कळजण लिहितात. पत्रे जपून ठेवली जातात. दगड मात्र मूळ जागी ठेवता येत नाही. तो नेमका कुठला, हे कोणालाच ठाऊक नसते; चुकीच्या जागी ठेवला तर अभ्यासकांची दिशाभूल होते. म्हणून परत आलेल्या दगडांचा एक ढीग रस्त्याच्या कडेला साठत जातो. त्याला विवेकाचा ढीग म्हणतात.

पतीला वाटले होते की दगड दिला की खाते मिटेल. पत्नी एवढेच म्हणाल्या, “जमा झाली, पण नावे टाकलेली रक्कम तशीच राहणार.” परंतु त्या दिवसापासून दोघांचे बोलणे पूर्ववत झाले.

पुढे मॉन्युमेंट व्हॅली. लाल वालुकाश्माचे हजार-हजार फुटी सुळके सपाट भूमीवर एकेकटे उभे असतात. ही भूमी नवाहो लोकांची. ६२ वर्षांवरील नागरिकांना राष्ट्रीय उद्यानांचा जन्मभराचा परवाना मिळतो. तो इथे चालत नाही, वेगळे शुल्क द्यावे लागते. उन्हाळी वेळेच्या दिवसांत घड्याळही उर्वरित ॲरिझोनापेक्षा तासभर पुढे असते. १९२० च्या दशकात हॅरी गोल्डिंग नावाचा व्यापारी पत्नीसह इथे आला आणि नवाहोंची लोकर व घोंगड्या घेऊन त्यांना किराणा देऊ लागला. महामंदीत त्याच्या गिऱ्हाइकांवर उपासमारीची पाळी आली, तेव्हा तो १९३८ मध्ये या खोऱ्याची छायाचित्रे घेऊन हॉलिवूडला गेला. जॉन फोर्ड यांच्या १९३९ च्या ‘स्टेजकोच’ चित्रपटात हे खोरे जगाने पाहिले आणि इथल्या माणसांना काम मिळाले. गिऱ्हाईक जगले तर दुकान जगते, हे त्या व्यापाऱ्याला कळले होते. जुन्या दुकानातील ती मालाची रचना पतीने बारकाईने पाहिली.

शेवटचा मुक्काम ग्रँड कॅनियन. कोलोरॅडो नदीने कोरलेली ४४६ किलोमीटर लांबीची आणि दीड किलोमीटरहून खोल दरी. तिच्या तळाच्या सुमारे १७० कोटी वर्षे जुन्या खडकाला ‘विष्णू’ हे नाव आहे. भूशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन यांनी १८८० च्या दशकात इथल्या शिखरांना विष्णू, शिव अशी नावे दिली. खडकाचे नाव त्याच परंपरेतले.

त्या कड्यावर फोनला संपर्क मिळाला. मधल्या अकरा दिवसांत पतीने दुकानात एकदाही फोन केला नव्हता. मुलाने एका मोठ्या खरेदीविषयी सल्ला विचारला. वडिलांना उत्तर येत होते. पण त्यांनी ते दिले नाही. “दुकान तुझे आहे, तू ठरव,” असे सांगून त्यांनी फोन ठेवला.

परतीच्या वाटेवर त्यांनी नातवासाठी दगडी लाकडाचा एक लहान तुकडा विकत घेतला आणि पावती मागून घेतली. पत्नीने ती पाण्याच्या नोंदवहीतच चिकटवली. दगड नातवाच्या हाती देताना पावती दाखवायची आणि पहिल्या दगडाची गोष्टही सांगायची, असे दोघांनी ठरवले होते. माणूस मुलाबाळांसाठी दुकान, घर, जमीन ठेवून जातो. आपल्या चुकीचा खरा हिशोब ठेवून जाणारे थोडेच असतात.