चाल आपली, देव कुणाचा?

जिंतूरच्या माणसाने ख्रिस्ती धर्म आणि मराठी संस्कृती यांच्या सोयरिकीवर लिहायला बसावे, याचे पुण्यामुंबईच्या वाचकांना थोडे नवल वाटेल. वाटू द्या. आमच्या गावाचे जुने नाव जैनपूर असे सांगतात. नेमगिरीच्या डोंगरात जैन लेणी आहेत, चारठाण्याला जुनी हेमाडपंती देवळे आहेत, पूर्वेला औंढ्याचा नागनाथ आहे, जिथे नामदेवांना विसोबा खेचर भेटले. जनाबाईंचे गंगाखेड तर आमच्याच जिल्ह्यातले. दर्गे आहेत, मशिदी आहेत. देवांच्या एवढ्या गर्दीत येशू ख्रिस्त तेवढा आम्हाला बहुधा पुस्तकातूनच भेटतो. पण त्यामुळे एक सोय होते. ज्याच्याशी रोजचे भांडण नाही त्याच्याविषयी जरा शांतपणे विचार करता येतो.

बी. ए. च्या वर्गाला मी फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' शिकवतो. इंग्लंडात १५४९ साली जन्मलेला हा जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्याला उतरला आणि १६१९ साली तिकडेच वारला. मधल्या चाळीस वर्षांत त्याने मराठी आणि कोकणी अशा आत्मसात केल्या, की १६१६ साली जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे पुराण त्याने रायतूरला छापून काढले. छपाई रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. पुढे हस्तलिखितांवरून ते मंगळूरला १९०७ साली छापले गेले, आणि देवनागरीत यायला १९५६ उजाडले. मराठीचा एक मोठा ग्रंथ मराठीच्या लिपीत यायला असा तीनशे चाळीस वर्षे ताटकळला.

ओवी सपाट आवाजात वाचून चालत नाही. गेल्या वर्षी मी मागच्या बाकावरच्या एका मुलाला उभे केले. घर माळकरी, श्रावणात वडिलांचे ज्ञानेश्वरीचे पारायण ठरलेले. त्याने पान हातात घेतले, जरा थबकला आणि घरच्या पारायणाच्या चालीवर सुरू झाला. ओव्या येशूच्या जन्माच्या होत्या. पहिल्या दोन ओव्यांना मुली तोंडाला पदर नि ओढणी लावून हसल्या, मग हसू थांबले. दहाबारा ओव्या झाल्यावर मी त्याला विचारले, "काय रे, कसे वाटले?"

"चाल आपलीच आहे सर," तो म्हणाला, "पण देव त्यांचा आहे."

अशा वेळी 'सगळे धर्म सारखेच' असे काहीतरी गुळगुळीत बोलून तास उरकता येतो. मला ते जमत नाही. मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. ज्या गलबतांतून स्टीफन्ससारखे पाद्री उतरले, त्याच गलबतांतून पोर्तुगिजांची सत्ताही उतरली होती. साष्टीतली देवळे तिने पाडली, १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन बसवले, ते थेट १८१२ पर्यंत चालले. १६८४ साली तर तिथल्या लोकांच्या बोलीविरुद्धच फर्मान निघाले. 'ख्रिस्तपुराणा'चे गोडवे गाताना हे झाकून ठेवणारा प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना फसवतो. आणि हे सांगून 'ख्रिस्तपुराण' बाजूला टाकणाराही फसवतोच.

कारण या पुराणाच्या आरंभी एक प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एकजण पाद्रीबाबांना विचारतो, की आमची जुनी पुराणे तर बंद झाली. आता आम्ही वाचावे काय, ऐकावे काय? या प्रश्नापाशी मी वर्गात नेहमी थोडा थांबतो. देव बदलला, नाव बदलले, कदाचित जेवणखाणही बदलले. पण संध्याकाळी दिव्याशी बसून ओवी ऐकण्याची भूक काही बदलेना. स्टीफन्सने ती भूक ओळखली. त्याने स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले आणि परमेश्वराला वैकुंठाचा राजा. रोममधल्या कुणाच्या भुवया उंचावल्या असतील तर असोत. साष्टीतल्या बाईला आपले मेलेले मूल कुठे गेले ते या शब्दाने कळले असेल.

इथे एक गंमत सांगतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्याकडे फळ्यावर रंगीत खडूंनी मराठीच्या थोरवीच्या ओव्या लिहिल्या गेल्या. अक्षर सुरेख, भोवती वेलबुट्टी. ओव्या स्टीफन्सच्या होत्या. खाली कवीचे नाव तेवढे नव्हते. लिहिणाऱ्या मुलीला विचारले तर म्हणाली, "ज्ञानेश्वरांच्या ना सर?" मराठीचे इतके कौतुक करणारा माणूस परका असेल, हे तिच्या मनातही आले नव्हते.

वैकुंठ हा शब्द सगळ्यांनाच मानवला असे नाही. स्टीफन्सनंतर तीन शतकांनी केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाई सबंध बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणत बसल्या होत्या. संस्कृत त्यांच्या जिभेवर खेळत होते. पण त्यांनी नेमके तेच हट्टाने दूर ठेवले. त्यांच्यासमोर पंडित नव्हते. दुष्काळातून वाचलेल्या, नुकती अक्षरओळख झालेल्या बायका होत्या. त्यांना कळेल तोच शब्द खरा, असा बाईंचा बाणा. शिवाय जुन्या शब्दाबरोबर जुना देवही आत येतो, हे त्यांना स्टीफन्सपेक्षा जास्त जाणवत असावे. त्या घरातूनच तर त्या आल्या होत्या. १९२२ साली त्या वारल्या तेव्हा हे काम हातावेगळे झालेले होते. भाषेचा शिक्षक म्हणून विचाराल तर वाचायला मला स्टीफन्सच गोड लागतो. पण त्या बायकांच्या ओळीत बसलो असतो तर रमाबाईंचे पुस्तक उचलले असते.

आपल्याकडे ख्रिस्ती लेखक म्हटला की तो आपल्याच धर्माची टिमकी वाजवणार असे धरून चालतात. पुष्कळांनी ती वाजवली, त्यांची पुस्तके आज कुणी उघडत नाही. टिकले ते चालू काळाशी बोलणारे. १८५६ साली विधवाविवाहाला कायद्याने मान्यता मिळाली, आणि दुसऱ्याच वर्षी, १८५७ साली, बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' आले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव परीक्षेत विचारतात. खरे सांगायचे तर कादंबरी म्हणून ती रटाळ आहे. पात्रे एकमेकांशी बोलत नाहीत, व्याख्याने देतात. पण यमुना गावोगाव ज्या विधवा पाहते, त्यांचे हाल पदमनजींनी ज्या धीटपणे मांडले, तसे तोवर मराठीत कुणी मांडले नव्हते. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्याविषयी मराठी घरांना मी नव्याने काय सांगू? १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनी. मधली वर्षे त्या माउलीने कशी काढली ते 'स्मृतिचित्रे'त आहे. घरात ते पुस्तक नसेल तर या दिवाळीत जरूर आणा.

मला मात्र ओढ लागते ती जवळच्या जालन्याची. बसने दोनअडीच तासांचा रस्ता. या जालन्याच्या गोष्टीला सुरुवात मात्र मुंबईत झाली. नारायण आणि श्रीपत हे शेषाद्री घराण्यातले दोन ब्राह्मण भाऊ. १८४३ साली नारायण स्कॉटिश मिशनमध्ये ख्रिस्ती झाला. धाकटा श्रीपतही त्याच्या पाठोपाठ निघाला होता. पण तो अजाण म्हणून बापाने कोर्टात धाव घेतली, आणि कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. मग प्रश्न पडला, पाद्रयांच्या घरी राहून जेवलेल्या पोराला जातीत घ्यायचे की नाही? 'दर्पण'कर्ते बाळशास्त्री जांभेकर घ्यावे म्हणून उभे राहिले, आणि सनातन्यांनी त्यांच्यावरच आग पाखडली. लहान वय, फूस, फुटलेले घर, परत येणाऱ्याला बंद झालेले दार. धर्मांतराच्या वादात आज जे जे ऐकू येते ते सारे या एका खटल्यात आहे. थोरला नारायण पुढे निजामाच्या मुलखात आला. दिवाण सालारजंग यांच्याकडून त्याला जालन्याजवळ जमीन मिळाली, आणि तिथे त्याने बेथेल नावाचे ख्रिस्ती गावच वसवले. त्याच्यामागे आलेले लोक मात्र शेषाद्रींच्या आळीतले नव्हते. ते आले मांगवाड्यातून आणि महारवाड्यातून.

अलीकडची गोष्ट मराठवाड्यातच घडली. सप्टेंबर २०१९ मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव जाहीर झाले. (उस्मानाबादचे नाव २०२३ पासून धाराशिव.) ख्रिस्ती धर्मगुरू त्या खुर्चीवर बसण्याची ही पहिलीच वेळ. लगेच विरोध सुरू झाला, महामंडळाच्या पदाधिकाऱ्यांना धमक्यांचे फोन आले. पाद्री मराठी साहित्याचा अध्यक्ष कसा, असा सवाल. चारशे वर्षे ओव्या लिहून झाल्यावर पुन्हा तोच दाखला मागायचा! १० जानेवारी २०२० ला संमेलन भरले. फादरना पाठीच्या दुखण्याने बेजार केले होते, तरी ते आले आणि अविष्कारस्वातंत्र्यावर, देशातल्या झुंडशाहीवर बोलले. धर्मगुरूने भाषण करावे आणि त्यात स्वतःच्या धर्माची वकिली नसावी, हे काहींना पचले नाही.

आमच्या भागातल्या लोकांना त्यांची जी गोष्ट भिडली ती वेगळीच आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावर इमारतींची नजर गेली. वाड्यांतल्या विहिरींचे पाणी टँकर भरभरून बाहेर जाऊ लागले, गुंडगिरी बोकाळली. तेव्हा हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले आणि दिब्रिटो त्याच्या पुढे होते. बरोबर नुसते ख्रिस्ती नव्हते. शेतकरी होते, हिंदू होते, विहीर आटलेला जो तो होता. आमच्या तालुक्यात पूर्णेवर येलदरीचे धरण आहे, तरी उन्हाळ्यात वाड्यातांड्यांवर म्हण एकच: धरण उशाला आणि कोरड घशाला. मी वर्गात विहिरी नि टँकरची ही हकीकत सांगितली, तेव्हा पारायणवाला मुलगाच सर्वांत आधी बोलला. "हा पाद्री आपल्याकडे असायला पाहिजे होता." देव कुणाचा, हे त्या वेळी त्याने विचारले नाही. २५ जुलै २०२४ रोजी फादर गेले. 'सुबोध बायबल' हे त्यांचे मोठे काम. साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार त्याला मिळाला आहे. रमाबाईंचा धागा त्यात दिसतो. वसईचे काही ख्रिस्ती घरी बोलतात ती सामवेदी बोली, आणि फादरची बायबलची मराठी साधी, कुणाच्याही घरात चालेल अशी.

पाण्यावर एकमत होते. जातीवर आले की तोंडे फिरतात. बेथेलसारख्या वस्त्यांत जे गेले, ते जातीच्या चटक्याने गेले. चर्चमध्ये गेल्याने चटका निवाला का? गावाच्या लेखी नाही. विहिरीवर त्यांना जुन्याच नावाने ओळखले जाई. सरकारदरबारी मात्र जात पुसली गेली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात, म्हणजे अर्धी पायरी खाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने या प्रश्नासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. धर्म बदलला म्हणून जातीचे भोग संपतात काय, एवढाच त्याच्यापुढचा सवाल. आणि त्याचे उत्तर मराठवाड्यातले कुठलेही पोर सांगेल.

पण यात चर्चचाही हिशेब आहे. ख्रिस्ती धर्मात जात नाही असे व्यासपीठावरून सांगायचे आणि मुलीचे लग्न ठरवताना मूळ घराणे विचारायचे, हा व्यवहार काही आम्हा हिंदूंचीच मिरास नाही. दलित ख्रिस्ती कार्यकर्तेच हे बोलतात आणि दोन्हीकडून शिव्या खातात.

जूनमध्ये मी प्रवेश समितीच्या टेबलाशी बसतो. एकदा जालन्याकडून आलेली एक मुलगी अर्ज भरता भरता थांबली. धर्माच्या रकान्यावर तिचे पेन अडले होते. दाखल्यावर तिचा धर्म हिंदू होता, जात होती, सवलत होती. गळ्यात बारीक साखळीत क्रूस होता.

"सर, खरं लिहू का दाखल्यावरचं लिहू?"

रांगेतली मागची मुले गप्प झाली. दाखल्याशी जुळले नाही तर अर्ज परत येतो, हे मी तिला सांगितले. तिने दाखल्यावरचे लिहिले, क्रूस कुडत्याच्या आत सारला आणि फीच्या खिडकीकडे गेली.