ध्वनिमुद्रणांची घरगुती साठवण : एका अल्पवीज सर्व्हरची मांडणी

बोलीच्या अभ्यासकाचे मूळ साधन म्हणजे निवेदकांची ध्वनिमुद्रणे. पूर्वी टिपणे वहीत असत आणि ती वही दहा वर्षे ट्रंकेत पडून राहिली तरी वाचता येई. हार्ड डिस्कविषयी तशी हमी देता येत नाही. प्रस्तुत लेखकाने मालवणी बोलीची सुमारे चाळीस तासांची ध्वनिमुद्रणे एकाच सुट्या डिस्कवर ठेविली होती. ती डिस्क एके दिवशी सुरूच झाली नाही. त्या मुद्रणांतील दोन वृद्ध निवेदिका आज हयात नाहीत.

जागेचा प्रश्न मोठा नाही. ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या मानाने एकमार्गी ध्वनीच्या एका तासास सुमारे ५२ कोटी बाइट लागतात. म्हणजे एका टेराबाइटात एकोणीसशे तास सहज मावतात. खरा प्रश्न प्रतींचा आहे. त्यासाठी घरच्या नेटवर्कवर अहोरात्र जागा राहणारा लहान सर्व्हर असावा. ('सर्व्हर' यास 'सेवक' म्हणावे असे काहीजण सुचवितात, घरात त्याचा भलताच अर्थ होईल, म्हणून रूढ शब्दच ठेविला आहे.)

२०१९ साली आलेला रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक या कामास पुरेसा आहे. त्याआधीच्या पाय ३ मध्ये नेटवर्क व डिस्क यांची वाहतूक एकाच यूएसबी २ मार्गाने होई, त्यामुळे वेग फार पडे. पाय ४ मध्ये गिगाबिट नेटवर्क स्वतंत्र असून दोन यूएसबी ३ जोडण्या आहेत. मात्र येथे एक खोच आहे. त्याच्या चारही यूएसबी जोडण्यांतून मिळून १.२ अँपिअरच वीज मिळते. दोन डिस्का एकदम फिरू लागल्या की ती अपुरी पडते, आणि लिहिता लिहिताच डिस्क तुटते. यास्तव स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब घ्यावाच. येथे काटकसर करू नये. सर्व मिळून सरासरी १० वॅट धरल्यास वर्षाला सुमारे ८८ युनिट वीज लागते. ६० वॅटचा जुना संगणक तेवढाच काळ चालविल्यास हाच आकडा ५२५ वर जातो.

डेबियनवर आधारलेली ओपनमीडियाव्हॉल्ट ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि तिचा कारभार ब्राउझरमधून चालतो.

दोन डिस्का आरशाप्रमाणे जोडाव्यात, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो आम्हांस मान्य नाही. आरशातील डिस्कवर चूकही त्याच क्षणी उमटते. एकीवरील फाइल पुसली की दुसरीवरचीही गेली. त्यापेक्षा आरसिंक या साधनाने रोज रात्री पहिलीची नक्कल दुसरीवर करावी. स्पष्ट आज्ञा दिल्यावाचून ते दुसरीवरील फाइल पुसत नाही. तथापि बदललेल्या फाइलीची नक्कल ते निमूटपणे करते, आणि भ्रष्ट पोथीवरून नक्कल उतरविणाऱ्या लेखकाप्रमाणे दोष पुढे नेते. म्हणून प्रत्येक मुद्रणाची एसएचए-२५६ बेरीज आरंभीच नोंदवून ठेवावी आणि नकलेपूर्वी ती ताडून पाहावी. एक बिट जरी पालटला तरी बेरीज जुळत नाही. पाठभेद हुडकण्याची इतकी सोपी सोय पोथ्यांच्या संपादकांस कधी लाभली नव्हती.

तिसरी प्रत दुसऱ्या घरी असावी. आग व पूर यांपुढे दोन शेजारच्या डिस्का म्हणजे एकच डिस्क होय. वीज अकस्मात जाते तेथे लहान यूपीएस जोडावा. राउटरमधून बाहेरच्या जगास या सर्व्हरची वाट मात्र मोकळी करू नये. निवेदकांनी आपला आवाज अभ्यासासाठी दिलेला असतो, आणि त्यांतील कित्येकांनी घरच्या गोष्टीही विश्वासाने सांगितलेल्या असतात.