नोंद गेली, मजकूर उरला

संगणकावरची फाईल डिलीट केली की ती आधी रिसायकल बिनमध्ये जाते. बिन रिकामी केली किंवा शिफ्ट दाबून फाईल थेट उडवली, तरी तिचा मजकूर डिस्कवर बहुधा राहतो. कोणती फाईल डिस्कवर कुठे आहे, याची यादी संगणक ठेवतो. डिलीट केल्यावर त्या यादीत ती जागा मोकळी म्हणून लागते, एवढेच. सातबाऱ्यावरचे नाव कमी झाले म्हणून बांधीतले धान कापले जात नाही, तसेच हे. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत काढता येतो.

वडशासारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात जास्त येतो. शिष्यवृत्ती असो की पोलीस भरती, आधार, पासबुक, जातीचा दाखला हे सारे दुकानातल्या संगणकावर चढते. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो डाउनलोड्समध्ये पडतो. तो ५० केबीत बसवताना दुसरी प्रत तयार होते, प्रिंटसाठी पीडीएफ केली की तिसरी. म्हणून पुसण्याआधी सगळ्या प्रती शोधाव्या लागतात: डेस्कटॉप, डाउनलोड्स, पेनड्राइव्ह, व्हॉट्सअॅप वेबचे चॅट. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये तर फाईल आणखी ३० दिवस राहते. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपल्यावर ती पुसावी, अशी तरतूद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही आहे.

जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कवर उपाय सोपा आहे: मोकळ्या जागेवर निरर्थक मजकूर लिहायचा. विंडोजमधली 'सायफर' ही आज्ञा 'डब्ल्यू' या पर्यायासह चालवली की मोकळी जागा तीनदा भरली जाते. चालू फाईलींना धक्का लागत नाही. १९९६ मध्ये पीटर गटमन यांनी ३५ वेळा लिहिण्याची पद्धत मांडली होती. ती त्या काळच्या डिस्कसाठी होती. आजच्या हार्ड डिस्कला एकदा लिहिणे पुरते.

एसएसडीचे तंत्र वेगळे. तिच्या चिपमधली प्रत्येक जागा ठरावीक वेळाच लिहिता येते. झीज सारखी वाटली जावी म्हणून डिस्क नवा मजकूर भलत्याच जागी ठेवते, आणि जुना तसाच राहू शकतो. इथे डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला 'सिक्युअर इरेज' वापरावा. बिटलॉकरसारख्या सोयीने सगळी डिस्क पहिल्या दिवसापासून कुलूपबंद केली असेल तर आणखी बरे. किल्ली नष्ट केली की उरलेला मजकूर कोणालाच वाचता येत नाही.

संगणक विकताना क्विक फॉरमॅटवर भरवसा ठेवू नये. अमेरिकेतल्या एमआयटीच्या दोघा संशोधकांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. चालू स्थितीतल्या १२९ पैकी जेमतेम १२ नीट पुसलेल्या होत्या. बाकींतून क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक निघाले. विंडोजमध्ये 'रिसेट धिस पीसी' निवडून सगळे काढून टाकताना 'क्लीन डेटा' हा पर्याय चालू करावा.

बंद पडलेल्या डिस्कवर काही लिहिता येत नाही. हार्ड डिस्क असेल तर आतल्या तबकड्यांना ड्रिलने भोके पाडावीत; एसएसडी असेल तर प्रत्येक मेमरी चिप फोडावी. उरलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा.