अ‍ॅक्रोपोलिसवरचा बुरूज

अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसची १८७५ पूर्वीची छायाचित्रे पाहताना माझी नजर पार्थेनॉनआधी प्रवेशद्वारालगतच्या उंच चौकोनी बुरुजावर अडते. तो मध्ययुगातला, फ्रँक राजवटीचा. प्राचीन वैभव ‘शुद्ध’ करण्याच्या ध्यासापायी १८७५ मध्ये तो पाडला. खर्च दिला ट्रॉयच्या उत्खननामुळे गाजलेल्या श्लीमानने. पार्थेनॉनच्या पोटातली छोटी मशीद तर त्याआधीच गेली होती. १८३९ मध्ये जोली द लोतबिनिएरने ती डगेरोटाइपवर टिपली होती. डगेरोटाइप म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा. प्रत एकच, निगेटिव्ह नाही. तो पत्रा हरवला, त्यावरून कोरलेले छापचित्र तेवढे उरले. आजचे ‘प्राचीन’ अवशेष मला म्हणूनच एकोणिसाव्या शतकाने निवडून ठेवलेले वाटतात. छायाचित्रकारांना हवी होती देवळे. बुरूज आपसूक चौकटीत आला.