जिवाणू आभाळातले की रानातले?

हैदराबादहून संशोधनाचे मोठाले फुगे सोडायचे असले, की टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या तिथल्या बलून केंद्राकडून लोकांसाठी एक आवाहन निघते. फुगे ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर जातील, काही तासांनी उपकरणांची पेटी रंगीत पॅराशूटला लटकत खाली येईल आणि विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर या रेषेच्या आसपास, हैदराबादपासून २०० ते ३५० किलोमीटरवर कुठेही उतरेल. सापडली तर उघडू नका, हलवू नका, पोलिसांना कळवा. कळवणाऱ्याला बक्षीसही मिळते. म्हणजे अक्कलकोटकडच्या एखाद्या तुरीच्या रानात आभाळातून पेटी उतरणे ही काही विज्ञानकथा नव्हे.

शाळेतल्या शिक्षकांना खगोलजीवशास्त्र शिकवायचे, तर सोलापुरात सुरुवात या पेटीपासून करावी, असे मला वाटते. उडत्या तबकड्यांपासून तर नकोच. पण गुरूचा चंद्र युरोपा किंवा शनीचा एन्सेलॅडस यांच्यापासूनही नको. ते मागाहून येतीलच.

२० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून असाच एक फुगा सुटला. त्याला ४५९ किलोचे सामान टांगलेले होते आणि प्रयोगाचे प्रमुख होते डॉ. जयंत नारळीकर. सजीवांची बीजे धूमकेतूंबरोबर अंतराळातून पृथ्वीवर येत असावीत, असा नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचा दावा होता. बहुतेक शास्त्रज्ञांनी तो बाजूला सारला होता. नारळीकरांचे म्हणणे सरळ होते : वर जाऊन बघू. इस्रोच्या पाठबळावर २००१ मध्ये एकदा बघून झाले होते, हा दुसरा प्रयत्न.

सामानात पोलादाच्या १६ नळ्या होत्या. आतली हवा काढून टाकलेल्या, निर्जंतुक केलेल्या आणि ३८ किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या. निऑन द्रवरूप असतो तो उणे २४६ अंशांच्या आसपास. ठरलेल्या उंचीवर नळीची झडप उघडली, की तिथली अतिविरळ हवा आत शिरते, गारठलेल्या भिंतींवर गोठते आणि रिकाम्या झालेल्या जागेत आणखी हवा ओढली जाते. पंप वगैरे काही लागत नाही, थंडीच पंपाचे काम करते. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा अशी भरून नळ्या पॅराशूटने खाली आल्या. नमुने एकाच प्रयोगशाळेत दिले नाहीत. हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याची एनसीसीएस या दोन्ही संस्थांनी त्यांची स्वतंत्र तपासणी केली. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. त्यांतल्या तीन जिवाणूंच्या जाती तोवर कुणी नोंदवलेल्याच नव्हत्या. २००९ मध्ये त्यांचे बारसे झाले : हॉइल यांच्या नावाने जानीबॅक्टर हॉइली, इस्रोच्या नावाने बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि आपल्या आर्यभटांच्या नावाने बॅसिलस आर्यभट्टाई. तिन्ही जाती अतिनील किरणांपुढे त्यांच्या जवळच्या भाईबंदांपेक्षा जास्त तग धरत होत्या.

मग हे पाहुणे अंतराळातले म्हणायचे का? इस्रोने तेव्हाच स्पष्ट केले, की तसे सिद्ध झालेले नाही. पुढे आर्यभट्टाई हा जिवाणू ठिकठिकाणच्या मातीत आणि पिकांच्या मुळांपाशी सापडत गेला. पिकाची वाढ सुधारणारा जिवाणू म्हणून आता त्याच्यावर अभ्यास होतो. काहींना हा प्रयोगाचा पराभव वाटेल. मला तो शिक्षकांसाठी सोन्यासारखा धडा वाटतो. जमिनीवरचा जिवाणू ४० किलोमीटर वर गेला कसा, हा प्रश्नही काही लहान नाही.

खूण दिसली म्हणून लगेच निष्कर्ष काढायचा नाही, हा मुद्दा शिक्षकांच्या वर्गात पोहोचवायला तीन काचेचे ग्लास पुरतात. तिन्हींत बारीक वाळू घ्यायची. पहिल्यात नुसती वाळू, दुसऱ्यात चमचाभर ईनो मिसळलेले, तिसऱ्यात बेकरीतून आणलेले यीस्ट. कशात काय आहे ते सांगायचे नाही. मग तिन्हींत कोमट साखरपाणी ओतायचे. दुसरा ग्लास लगेच फसफसतो आणि मिनिटभरात थंड पडतो. तिसरा आधी ढिम्म असतो. दहा-पंधरा मिनिटांनी त्यात बारीक बुडबुडे धरू लागतात, वर फेस चढतो आणि तो थांबता थांबत नाही. 'सजीव कोणता?' असे पहिल्याच मिनिटाला विचारले, तर भलेभले दुसऱ्या ग्लासाकडे बोट दाखवतील. दुसऱ्या फेरीत यीस्ट आधी उकळून घ्यायचे. मग बुडबुडे येत नाहीत.

१९७६ मध्ये व्हायकिंग यानांनी मंगळावर जवळपास हेच केले. मातीवर पोषक द्रावणाचे थेंब टाकले, वायू बाहेर पडला. माती १६० अंशांपर्यंत तापवून प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो प्रतिसाद नाहीसा झाला. उकळलेल्या यीस्टसारखेच! पण शेजारच्या दुसऱ्या उपकरणाला त्या मातीत सेंद्रिय पदार्थांचा विश्वासार्ह पुरावा मिळेना. सेंद्रिय पदार्थच नसतील, तर जीव कुठून असणार? २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट हे क्षार आढळले. तापवल्यावर ते सेंद्रिय पदार्थांचा नाश करतात. म्हणजे ते उपकरण शोधायच्या वस्तूच जाळून टाकत होते की काय, ही शंका आली. वाद अजून मिटलेला नाही.

शिक्षकांची अडचण मात्र वेगळीच असते. दहावीच्या सध्याच्या पुस्तकांत 'अवकाश मोहिमा' विज्ञानाच्या भाग १ मध्ये आहे आणि 'आनुवंशिकता व उत्क्रांती' भाग २ मध्ये. अनेक शाळांत हे दोन भाग दोन वेगळ्या व्यक्ती शिकवतात आणि खगोलजीवशास्त्र नेमके या दोघांच्या मधल्या फटीत पडते. त्यात जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती भरणे. तरी सोलापूर जिल्हा प्रयोगांना घाबरणारा नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, ते काही फळ्यावर धडे उतरवून नव्हे.

सहल काढायची तर लोणार आहे. आपल्या पायाखालच्याच काळ्या बेसाल्ट खडकात अशनीच्या आघाताने पडलेले विवर आणि त्यात खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याचे सरोवर. मंगळावरचा खडकही बराचसा बेसाल्टच, म्हणून मंगळाचे अभ्यासक इथे येतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले. मिठात रमणारे सूक्ष्मजीव त्याला कारणीभूत असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले.

गेल्या काही वर्षांत 'जीवसृष्टी सापडली?' असे मथळे वरचेवर येतात. २०२० मध्ये शुक्रावरचा फॉस्फिन वायू, २०२५ मध्ये १२४ प्रकाशवर्षांवरचा के२-१८बी हा ग्रह आणि त्याच वर्षी मंगळावरच्या जेझेरो विवरातला ठिपक्याठिपक्यांचा खडक. अशा दाव्यांसाठी नासाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये सात पायऱ्यांची एक मोजपट्टी सुचवली. पहिली पायरी म्हणजे काहीतरी खूण दिसणे. दुसरी, ती आपणच बरोबर नेलेली घाण नाही याची खात्री. चौथ्या पायरीवर निर्जीव कारणे बाद करावी लागतात आणि सातवीपर्यंत अजून कुणी पोहोचलेले नाही. शिक्षकांना कात्रणे वाटावीत आणि प्रत्येक दावा कितव्या पायरीवर बसतो, यावर भांडू द्यावे. आर्यभट्टाईला मी दुसऱ्या पायरीवरच थांबवतो. नळ्या स्वच्छ होत्या हे मान्य, पण खालची माती वर उडालीच नसेल, असे कोण म्हणेल? दोन प्रयोगशाळांनी तपासले म्हणून कुणी त्याला वर चढवू पाहील, तर त्याने तीन आणि चारचा हिशेब आधी द्यावा.