गेजवर आठ किलो, पण वरच्या मजल्यावर पाणी किती?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजचा विषय आमच्या सोसायटीच्या मीटिंगमधून आलाय. आम्ही लालबागचे. चाळीच्या जागी २२ मजली टॉवर झाला आणि आई-बाबा आता सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात. महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारीत आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून 'बी फॉर्म' घ्यावा लागतो, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू आहे असं लेखी प्रमाणपत्र. त्यासोबतच्या टेस्ट रिपोर्टमध्ये एक ओळ होती: पंपरूम गेज ८.४ किलो, शेरा 'ओके'. मी सेक्रेटरीकाकांना विचारलं, "हे पाणी वाहत असताना घेतलंय की बंद असताना?" त्यांनी रिपोर्ट उलटासुलटा करून पाहिला. 'प्रवाह' नावाचा रकाना कोरा होता.

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते चाळीत वाढलेल्यांना लगेच कळेल. गिरगावात मावशीकडे सकाळी पाणी आलं की पहिल्याची बादली भराभर भरायची. मग खालच्या सगळ्यांनी नळ सोडले, की तिसऱ्या मजल्यावर करंगळीएवढी धार. नळ बंद असताना पाइपात जे प्रेशर असतं ते स्थिर प्रेशर. पाणी सुटल्यावर जे उरतं ते वाहतं प्रेशर. आग विझते ती दुसऱ्यावर. माझ्या धंद्यातलं सांगायचं तर सर्व्हर पिंगला उत्तर देतो म्हणून दिवाळी सेलचा लोड झेलेलच असं नाही.

अमेरिकेत ही टेस्ट बहुधा रस्त्यावरच्या हायड्रंटवर करतात, कारण तिथे पालिकेच्या पाइपात चोवीस तास प्रेशर असतं. आपल्याकडे पाणी ठरावीक तासच येतं. त्यामुळे आपला खरा 'पाणीपुरवठा' म्हणजे इमारतीची टाकी आणि पंप. टेस्टही त्यांचीच वाचायची.

आता आकडे घेऊ. पाणी १० मीटर वर चढवायला साधारण १ किलो प्रेशर खर्च होतं. आमचा वरचा स्प्रिंकलर पंपाच्या गेजपासून ६६ मीटर वर आहे. म्हणजे ८.४ मधून ६.६ गेले, वर उरले १.८. खाली भक्कम वाटणारा आकडा वर पोचेपर्यंत एवढासा होतो. म्हणून गेज कुठे लावलाय ते आधी बघा.

नेहमीच्या स्प्रिंकलरमधून मिनिटाला किती लिटर पाणी पडेल? ८० गुणिले प्रेशरचं वर्गमूळ. १.८ किलोला साधारण १०७ लिटर. पण हे १.८ पाणी वाहतानाही टिकलं तरच.

आम्ही पुन्हा टेस्ट करायला लावली. वरच्या मजल्यावर लाइनच्या टोकाला एक टेस्ट व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की एक स्प्रिंकलर फुटल्याइतकं पाणी सुटतं. उघडण्यापूर्वी वरचा गेज १.८. उघडल्यावर ०.२! म्हणजे मिनिटाला जेमतेम ३६ लिटर. आणि खाली पंपरूममध्ये? तिथे काटा ८.४ च्या आसपासच.

इथे रिपोर्ट वाचायची खरी युक्ती आहे. पाणी सुटल्यावर वरचा आणि खालचा दोन्ही गेज पडले, तर दोष पंपात, टाकीत किंवा टाकीतून पंपाकडे येणाऱ्या पाइपात. खालचा टिकला आणि फक्त वरचा पडला, तर मधे कुठेतरी अडलंय. आमच्या मजल्याचा डक्टमधला व्हॉल्व्ह फटीएवढाच उघडा निघाला. प्लंबिंगच्या कामासाठी कोणीतरी बंद केला असणार आणि नंतर पूर्ण उघडायचा राहिला. पाणी थांबलेलं असतं तेव्हा घर्षण नसतं, त्यामुळे फटीतूनही दोन्ही बाजूंचं प्रेशर सारखं होतं. स्थिर आकडा हा दोष कधीच दाखवणार नाही.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर वाहतं प्रेशर १.५ आलं, म्हणजे साधारण ९८ लिटर. तरी ही एका स्प्रिंकलरची टेस्ट. पाइपातून चौपट पाणी न्यायचं तर घर्षणाची घट चौपट नाही, जवळजवळ तेरापट होते. म्हणून पंपाची वेगळी पूर्ण प्रवाहाची टेस्टही लागते: दीडपट प्रवाहावर पंपाने ठरलेल्या प्रेशरच्या किमान ६५ टक्के तरी द्यायला हवं.

शेवटचा हिशेब टाकीचा. समजा टाकीत एक लाख लिटर पाणी आहे आणि पंप मिनिटाला २,२८० लिटरचा. पंप पूर्ण चालला तर ४४ मिनिटं. टाकी अर्धी असेल तर बावीस.

हे सगळं किचकट वाटेल. पण २२ ऑगस्ट २०१८ ला परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर आग लागली, चार माणसं गेली. इमारतीची स्वतःची यंत्रणा चालू नव्हती, असं तेव्हा अग्निशमन दलाने सांगितलं होतं. आमच्या घरापासून ती जागा चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

तेव्हा पुढचा रिपोर्ट आला की तीन गोष्टी विचारा. गेज कोणत्या मजल्यावर होता? पाणी बंद असताना किती आणि वाहताना किती? वाहत होतं तेव्हा मिनिटाला किती लिटर? यातलं एकही उत्तर कोरं असेल, तर 'ओके' या शेऱ्यावर सही करू नका.

आमच्या काकांनी त्या व्हॉल्व्हला उघड्या स्थितीत साखळी आणि कुलूप लावलंय. किल्ली पंपरूममध्ये असते. आई आता दर महिन्याला विचारते, "कुलूप आहे ना रे जागेवर?"

तुमच्या सोसायटीचा रिपोर्ट काय म्हणतो ते कळवा. भेटू पुढच्या भागात.