विश्लेषण : मनगटी घड्याळ सामान्यांच्या हाती कसे आले? ‘एचएमटी जनता’ची तबकडी काय सांगते?

ना तारीख, ना वार, ना झगमगाट. तरीही ‘एचएमटी जनता’ हे चावीचे घड्याळ अनेक घरांत आजही जपून ठेवलेले आढळते. त्याच्या साधेपणामागे बदलत्या भारताची गोष्ट आहे.

सरकारने घड्याळ का बनवले?

स्वातंत्र्यानंतर चांगले मनगटी घड्याळ म्हणजे बहुधा स्विस आणि महाग. आयातीसाठी परकीय चलन लागे आणि त्याचीच देशाला चणचण होती. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी मुळात कारखान्यांसाठी यंत्रे बनवत असे. जपानच्या ‘सिटिझन’च्या सहकार्याने तिने १९६१ मध्ये बेंगळूरुत मनगटी घड्याळे बनवायला सुरुवात केली.

रचनेत वेगळे काय होते?

तबकडी एका नजरेत वाचता येईल अशी. सेल नाही, रोज एकदा चावी दिली की पुरे. आतील १७ ‘ज्वेल’ म्हणजे कृत्रिम माणकांचे खडे. फिरत्या आसांना त्यांचा आधार असल्याने झीज कमी होते. तबकडीवरील ‘पॅरा-शॉक’ म्हणजे धक्क्यापासून संरक्षण. सायकल किंवा बसने कामावर जाणाऱ्यासाठी हे दागिन्यापेक्षा अवजार होते.

समाजात काय बदलले?

गिरणीचा भोंगा सगळ्यांना एकच वेळ सांगे. मनगटावरचे घड्याळ ज्याची त्याला. पाळी, मस्टर, लोकल, परीक्षा यांचा हिशेब व्यक्तीच्या हाती आला. ग्राहकही बदलला. महिलांसाठी ‘सुजाता’ आले, काही तबकड्यांवर देवनागरी उमटली. दृष्टिहीनांसाठीच्या ब्रेल घड्याळाचे झाकण उघडून काटे आणि उठावाचे ठिपके बोटांनी चाचपता येत.

मग एचएमटी मागे का पडली?

१९६९ मध्ये जपानच्या सेइकोने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. भारतात १९८०च्या दशकात टायटनने क्वार्ट्झवर भर दिला आणि घड्याळाला पेहरावाचा भाग बनवले. टिकाऊपणावर उभी असलेली एचएमटी या बदलात मागे पडली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ‘एचएमटी वॉचेस’ बंद करण्याचा निर्णय घेतला.

जुने ‘जनता’ घेताना काय पाहावे?

ऑनलाइन विक्रीतील अनेक घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवलेल्या असतात. भडक रंग, वेडीवाकडी अक्षरे दिसली तर सावध व्हा. ‘जनता’ची खरी ओळख तिचा साधेपणाच आहे.